विसर, उदासी आणि घरच्यांची साक्ष

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना घरी कम्युनियन नेतात, तेव्हा आम्हीही सोबत जातो. मागे अशाच एका घरी सुनेने आम्हाला ओट्यावरच थांबवले आणि हळूच सांगितले, "आईंना आता काही कळत नाही. डोके गेले त्यांचे. काही बोलल्या तर वाईट वाटून घेऊ नका." आत मावशी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. नवरा जाईपर्यंत ऑक्टोबरच्या रोझरीला याच मावशी सगळ्यांच्या आधी हजर असत. "मावशी, आम्हाला ओळखलेत का?" उत्तर आले, "ठाऊक नाही." आज वार कोणता? "ठाऊक नाही." जेवलात का? "ठाऊक नाही रे बाबा."

तिथून चार घरे पुढे एक निवृत्त मास्तर राहतात. ते हसून स्वागत करतात, खुर्ची पुढे करतात, आपल्या एका खोडकर विद्यार्थ्याची गोष्ट रंगवून सांगतात. वार विचारला तर म्हणतात, "अहो, निवृत्त माणसाला सगळे रविवारच!" आणि पाच मिनिटांनी तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. घरच्यांचे म्हणणे, "मास्तरांना तसे काही नाही. वयामुळे थोडे विसरतात इतकेच."

दोन्ही घरांचा अंदाज चुकला होता. पुढे तपासणीत कळले, की स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, मास्तरांना होता आणि मावशींना होते नैराश्य. (दोन्ही कुटुंबांना विचारूनच हे लिहीत आहोत, ओळख पटू नये म्हणून थोडे फेरफार केले आहेत.)

ही गल्लत काही आपल्याच गावची नाही. 1961 साली लेस्ली किलो या मनोविकारतज्ज्ञांनी या विषयावर लेख लिहिला आणि वरून स्मृतिभ्रंशासारख्या दिसणाऱ्या या अवस्थेला आभासी स्मृतिभ्रंश असे नाव रूढ झाले. नैराश्याने मन थकले की लक्ष लागत नाही, आणि ज्याकडे लक्षच गेले नाही ते आठवणार कसे? म्हाताऱ्या माणसाचे नैराश्य रडूनच दिसते असेही नाही. झोप पहाटे तीनला मोडते, अन्नावरची वासना जाते, अंग दुखते, माणूस उठायला कंटाळतो. आपण म्हणतो, वय झाले.

मग डॉक्टर हा फरक ओळखतात कसा? सर्वांत प्रसिद्ध चाचणी 1975 साली अमेरिकेत फोल्स्टीन पतिपत्नी आणि मॅकह्यू यांनी तयार केली. एकूण 30 गुण. आज तारीख काय, आपण कुठे आहोत, तीन शब्द ऐकून थोड्या वेळाने पुन्हा सांगा, शंभरातून सात वजा करत जा, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढा. दहा मिनिटांत आटोपते. घड्याळाचे चित्र काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवा, अशीही एक चाचणी आहे. नैराश्यासाठी वेगळी प्रश्नावली असते, तिची छोटी आवृत्ती 15 प्रश्नांची. आयुष्य रिकामे वाटते का, अशा प्रश्नांना फक्त हो किंवा नाही म्हणायचे.

इथे एक अडचण आहे. या गुणांवर शिक्षणाचा आणि भाषेचा परिणाम होतो. चौथी शिकलेली, आयुष्यभर घरी आपली बोली बोललेली बाई अपरिचित भाषेतल्या प्रश्नापुढे गप्प बसली, तर दोष तिच्या मेंदूचा नव्हे. पहाटेच्या गाडीने दादरला भाजी नेणारीला शंभरातून सात विचारू नका, शंभराच्या नोटेतून सात रुपयांची जुडी विचारा! म्हणूनच हरियाणातील बल्लभगड भागात, लिहिता-वाचता न येणाऱ्या वृद्धांसाठी या चाचणीचे हिंदी रूप मुद्दाम बेतले गेले. ते 1995 साली प्रसिद्ध झाले. आणि चाचणीला नेताना चष्मा व कानाचे यंत्र घरी विसरू नये, हेही सांगायला हवे. ऐकूच न आलेला शब्द आठवत नाही. थायरॉईड, बी-12 जीवनसत्त्व आणि चालू असलेल्या गोळ्या यांचीही तपासणी आधी होते, कारण त्यांनीही विसर पडतो.

जाणता डॉक्टर नुसते गुण पाहत नाही, उत्तर कसे येते ते पाहतो. नैराश्यातला माणूस बहुधा "ठाऊक नाही" म्हणून सोडून देतो, आपली आठवण गेली अशी तक्रार स्वतःच करतो, आणि थोडी खूण दिली तर शब्द त्याला सापडतो. स्मृतिभ्रंशाचा माणूस प्रयत्न करतो, चुकतो, विनोदाने वेळ मारून नेतो. खूण देऊनही त्याला फारसा उपयोग होत नाही, कारण शब्द आत साठलेलाच नसतो. अर्थात ही काही दगडावरची रेघ नव्हे. दोन्ही आजार एकाच माणसात असू शकतात. नैराश्य ही कधी कधी येणाऱ्या स्मृतिभ्रंशाची पहिली चाहूलही असते. म्हणून एका चाचणीवर शिक्का मारत नाहीत. नैराश्यावर उपचार करून काही महिन्यांनी ती पुन्हा घेतात.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले, तिथे येऊ. चाचणी म्हाताऱ्याची होते, पण डॉक्टर घरच्यांनाही विचारतो: हे केव्हा सुरू झाले? ऑस्ट्रेलियात तर 1989 साली अशी प्रश्नावलीच तयार झाली, जी रुग्णाला नव्हे, त्याच्या जवळच्या माणसाला विचारतात. दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत आज यांना वस्तू कुठे ठेवली ते किती आठवते, पैशांचे व्यवहार किती जमतात? म्हणजे निदानाचा मोठा भाग आपल्या साक्षीवर उभा असतो. आणि ती साक्ष आपण खरी देतो का?

मावशींच्या मुलाने डॉक्टरांना आधी सांगितले, "दोन-तीन वर्षे असेच चालले आहे." डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा विचारले, तेव्हा निघाले की सगळे वडील वारल्यानंतर तीन महिन्यांत झाले. त्याच काळात मावशींची खाट मधल्या खोलीतून मागच्या पडवीत गेली होती. तो खोटे बोलत नव्हता. पण स्मृतिभ्रंश म्हटले की दोष मेंदूचा, कोणाला काही विचारायला नको. नैराश्य म्हटले की घराला विचारले जाते, त्या एकट्या केव्हा पडल्या? हा प्रश्न नकोसा असतो. खरे तर नैराश्य हाही आजारच आहे, प्रेमळ घरातही तो येतो, आणि मावशींच्या सुनेला दोषी ठरवण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण आपल्या सोयीचे उत्तर आपण आधी ठरवतो आणि त्याला जुळेल असे आठवतो. मास्तरांच्या घरी उलट झाले. तिथे भीतीने चार वर्षे झाकून ठेवले. आठवी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको असे सांगते. खाटेवरचे माणूस हा आपला सर्वांत जवळचा शेजारी आहे, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले.

चुकीच्या साक्षीची किंमत मोठी असते. नैराश्यावर औषधे आहेत, समुपदेशन आहे; मात्र गुण यायला काही आठवडे लागतात. "आता देवाने न्यावे" हे म्हातारीचे नेहमीचेच बोलणे समजून सोडून दिले, तर एखादे दिवशी ती स्वतःच जिवाचे बरेवाईट करून घेऊ शकते. आणि आपल्याकडे जमिनीचा प्रश्नही असतोच. "तिला काय कळते" असे एकदा ठरले की कागदावर अंगठा कोणीही घेतो. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की केवळ मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून कोणी वेडा ठरत नाही, ते सक्षम न्यायालयाने ठरवावे लागते. ही ओळ फार थोड्या घरांना माहीत आहे.

औषधे सुरू झाल्यावर अडीच महिन्यांनी मावशी ओट्यावर येऊन बसू लागल्या. खाट पुन्हा मधल्या खोलीत आली. सहा महिन्यांनी चाचणी झाली, गुण बरेच वाढले. पण तीन शब्दांपैकी एक काही केल्या आठवला नाही. डॉक्टर म्हणाले, आत्ताच काही सांगत नाही, वर्षाने पुन्हा घेऊन या. मुलाने तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

मास्तरांकडे आम्ही दर पहिल्या शुक्रवारी तीच गोष्ट ऐकतो. त्यातल्या खोडकर विद्यार्थ्याचे नाव अलीकडे त्यांना आठवत नाही. ते थांबले की नाव आम्ही सांगतो, आणि गोष्ट पुढे जाते.