गोफण आणि कणीस

मंगळवेढ्याकडचं काळं रान खोल. पावसाळा सरता सरता पेरलेली मालदांडी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर वाढते. पौषात दाणा भरू लागला की पाखरं राखायला माणूस लागतो. आमच्याकडे हे काम आबांचं आणि माझं. दिवस उगवायच्या आत आम्ही माळ्यावर. चिमण्या असायच्या, साळुंक्या असायच्या, पण खरी धास्ती भोरड्यांची. ही पाखरं हिवाळ्यापुरती लांबून, मध्य आशियाकडून येतात. थवा उतरून उठला की कणसाचं नुसतं बोंडूक राहतं. ओरडून गळा बसायचा, गोफण फिरवून खांदे भरून यायचे. आबा म्हणायचे, "तालमीत जाऊन जोर कशाला काढतूस? ही घे गोफण."

उन्हं वर आली की पाखरं झाडाला जायची आणि आम्ही घरी यायचो. ओसरीत आजी वाकळ शिवत बसलेली असायची. जुनी लुगडी, धोतराचे पट्टे, फाटक्या सदऱ्याची पाठ, सगळं एकावर एक अंथरलेलं. कडेनं धरलेला टाका आत आत सरकत जायचा. आणि तिच्या डोक्यावर, आढ्याला, पाच-सात कणसांचा झुबका टांगलेला. चिमण्या त्याला लोंबकळून दाणे टिपायच्या, भुसकट वाकळेवर पडायचं. आजी वाकळ झटकायची, पण चिमणीला कधी "हुश" म्हणायची नाही.

म्हणजे सकाळी ज्या पाखरावर आम्ही गोफण उगारायचो, त्यालाच दुपारी आमच्याच घरात जेवण. कदाचित चिमणीही तीच. मग यातलं खरं काय? गोफण खरी असेल तर कणीस म्हणजे देखावा. कणीस खरं असेल तर गोफण म्हणजे पाप. लहानपणी पडलेला हा प्रश्न मोठेपणी जास्तच अवघड वाटू लागला, कारण माणसांशी वागतानाही आपण हेच करतो. मजुरीत आठ आणे कापायचे आणि सणाला त्याच्याच पोराच्या हातावर लाडू ठेवायचा.

कुणी म्हणेल, पाखरं कीड खातात, त्यांचा वाटा म्हणजे त्यांची मजुरीच. यात तथ्य आहे. चिमणी दाणे खात असली तरी पिलांना अळ्या भरवते. भोरड्या टोळांचा फडशा पाडतात. चीनमध्ये 1958 साली चिमण्या मारायची मोहीम निघाली, आणि पुढं किडींनी पिकं खाल्ली. पण हा झाला हिशेब. हिशेबानंच बोलायचं तर ज्या पाखराचा उपयोग नाही त्याला कणीस नाही. आजीनं असा हिशेब कधी केल्याचं मला आठवत नाही.

कीर्तनात तुकोबांची गोष्ट सांगतात. त्यांना शेत राखायला बसवलं आणि त्यांनी पाखरांना पोटभर खाऊ दिलं. मालक भांडायला आला, पण रास केली तर दाणा उलट जास्तच भरला. गोष्ट ऐकताना डोळे भरून येतात. पण माळ्यावर बसणाऱ्याच्या मनात दुसरंच येतं. रास जास्त भरली नसती तर? दाणा मालकाचा होता, आणि त्या मालकाच्याही घरात पोरं असतील. चमत्कारानं गोष्टीतला पेच सुटतो, आमच्या रानातला नाही. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून देणं सोपं असतं. स्वतःच्या ताटातलं द्यायचं, तर आधी ते ताट राखावं लागतं.

इथं मला गोफणीचा अर्थ थोडा लागला. आबा गोफणीत दगड घालत नसत, मातीचं ढेकूळ घालत. नेमही पाखरावर नसायचा, थव्याच्या अलीकडं असायचा. पाखरू उठलं पाहिजे, पडता कामा नये. म्हणजे गोफण नाही म्हणत नव्हती, पुरे म्हणत होती. आणि कणीसही काही उधळपट्टी नव्हतं. जी बाई बोटभर चिंधी टाकत नव्हती, ती भरली कणसं टांगत होती. तिला दाण्याची किंमत ठाऊक होती, म्हणूनच त्याला देणं म्हणायचं.

पण हे झालं पिकत्या सालाचं. कसोटी 1972 ला लागली. रानात ज्वारीच नव्हती, मग राखायचं काय? आय आणि दादा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. रेशनवर लाल मिलो मिळायचा, पोरांना सुकडी. त्या हिवाळ्यात आढ्याला झुबका नव्हता. आजी पोरांची जेवणं झाली की ताटातला चुरा गोळा करायची आणि फुटक्या गाडग्यातल्या पाण्याशेजारी ठेवायची. चुलती एकदा म्हणाली, "आत्याबाई, माणसालाच न्हाई, अन् पाखराला कुठनं?" आजी म्हणाली, "आधी लेकरंच गं. मागनं वाढलं तर चालतंय, पण पंगतीतनं कुणाला उठवायचं न्हाई."

मला मिळालेलं उत्तर एवढंच आहे, आणि ते पुरं नाही. लेकरांनंतर पाखरं, ही क्रमवारी त्यात आहे, आणि शेवटच्यालाही जागा आहे. पण किती मागनं? मागनं मागनं म्हणत एखाद्याच्या वाट्याला काहीच उरलं नाही तर? त्याला सूत्र नाही. ते रोज, त्या दिवशीच्या ताटाकडं बघून ठरवावं लागतं.

आता आमच्या शिवारात पाणी आलंय तिथं ऊस उभा आहे. उसाला पाखरं राखावी लागत नाहीत, आणि घरात टांगायला कणीसही नसतं. जिथं ज्वारी आहे तिथं कुणी चमकत्या फिती बांधतं, कुणी जाळी. फितीनं पाखरू नुसतं उठतं, ते ठीक. जाळीत मात्र ते अडकून मरतं. जाळी बांधणाऱ्याला मी दोष देत नाही, राखायला माणूस मिळत नाही हे खरंच आहे. पण आबांचं ढेकूळ जिथं थांबायचं, तिथं जाळी थांबत नाही. तेवढी जागा मोकळी सोडायची का, हे बांधणाऱ्यानं बांधायच्या आधी स्वतःला विचारावं.