सोवळ्यातली गाडी

आमच्या घरात गेले तीन महिने एक गाडी उभी आहे. प्रत्यक्षात ती अजून दुकानातच आहे. पण तिच्याविषयीचे बोलणे ओसरीवर असे ठाण मांडून बसले आहे, की तिच्यासाठी जागा करून द्यावी असे वाटू लागते. गाडी लहान आहे आणि विजेवर चालते. चिरंजीव पुण्याहून फोन करतात ते तिच्यासाठीच. "बाबा, हिला धूर नाही," हे त्यांचे पालुपद.

मी जन्मभर शाळेत गणित शिकविले. तेव्हा प्रथम वही उघडली. 2022 साली टाटांची टियागो विजेवर निघाली, तेव्हा तिची मोठी बॅटरी एका भरण्यात 315 किलोमीटर जाते असे कंपनीने सांगितले होते. हे चाचणीतले अंतर. आमच्या वैशाखात एसी लावून दोनशे मिळाले तरी धुळ्याला जाऊन येणे दोनदा होईल. शंभर किलोमीटरला बारा युनिटे आणि युनिटला दहा रुपये धरले, तर किलोमीटरला सव्वा रुपया पुरे. पेट्रोलच्या गाडीला पावणेसहा लागतात. म्हणजे दर किलोमीटरला साडेचार रुपये वाचले! इथवर चिरंजीवांचा जय झाला. परंतु ही गाडी पेट्रोलच्या बहिणीपेक्षा सुमारे तीन लाखांनी महाग; ते तीन लाख वसूल व्हायला सहासष्ट हजार किलोमीटर हिंडले पाहिजे. आमचे हिंडणे किती? महिन्यातून दोनदा धुळे, एकदा जळगाव, आणि रोजचा बाजार. वर्षाला पाच हजार. मी तेरा वर्षांनी सुखी होणार. आणि बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षांची असते.

पैशाचा हिशेब असा हरला, की माणूस हळूच पुण्याच्या हिशेबाकडे वळतो. मीही वळलो. पैसे जातील, पण आपल्या हातून हवा तरी नासणार नाही, हा विचार मनाला फार गोड लागला. इतका गोड, की मला त्याचाच संशय आला.

आमच्या आजी सोवळ्यात स्वयंपाक करीत. त्यांच्या सोवळ्याला कोणी शिवायचे नाही. परंतु त्या सोवळ्यासाठी लागणारे पाणी कोणी ओढले, सरपण कोणी फोडले, राख कोणी उचलली, हे प्रश्न त्या सोवळ्याच्या बाहेरचे होते. विटाळ नाहीसा झालेला नव्हता; तो दुसऱ्याच्या दारी नेऊन ठेवलेला होता. माझ्या पांढऱ्या गाडीचे सोवळे याहून निराळे आहे काय? तिला धुराडे नाही हे खरे. पण तिचे धुराडे भुसावळजवळ दीपनगरला आहे. देशातली सत्तर टक्क्यांहून अधिक वीज आजही कोळशातून येते. आणि आपल्याकडचा कोळसा असा, की शंभर किलो जाळला तर तीस-चाळीस किलो राख उरते. ती राख अमळनेरच्या ओसरीवर पडत नाही, एवढेच. ज्या गावात 1916 साली अद्वैताच्या अभ्यासासाठी तत्त्वज्ञान मंदिर निघाले, तिथल्या माणसाने निदान एवढे तरी ओळखावे, की दीपनगरची राख आणि दारातली पांढरी गाडी ही दोन नव्हेत.

आता न्याय करायचा तर पुरता करावा. कोळशाची वीज धरूनही ही गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी कर्बवायू सोडते, असे माझे गणित सांगते. कारण पेट्रोलच्या इंजिनात बरीचशी शक्ती नुसती उष्णता होऊन जाते. शिवाय बाजारपेठेत मुलाच्या नाकाशी सुटणारा धूर आणि उंच चिमणीतून सुटणारा धूर यांत फरक आहेच. पण बॅटरी घडविताना जे जळते, त्याचे ऋण हजारो किलोमीटर धावल्यावाचून फिटत नाही. जो पुष्कळ हिंडतो त्याचे ते लवकर फिटते. जो घरी बसतो त्याची शुद्ध गाडी कर्जातच उभी राहते! मला तर यात थोडी गंमतच वाटली. पुण्य मिळवायचे म्हणून हिंडायचे, असा प्रकार यात्रेखेरीज मी कुठे पाहिला नव्हता.

चिरंजीवांपाशी यावर उत्तर होते. म्हणाले, "गच्चीवर सौर पत्रे बसवा." खानदेशात ऊन ही काही टंचाईची वस्तू नव्हे. साक्रीकडे जाताना पवनचक्क्यांची रांग मी पाहिली आहे, आणि तिथल्या शिवाजीनगरचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प 2013 सालचा. दुपारी उन्हावर गाडी भरावी आणि दीपनगरचे देणे कमी करावे, हा मार्ग मला प्रामाणिक वाटतो. मात्र त्याला आणखी पैसे लागतात. सोवळे स्वस्तात पाळता येत नाही, हेही आजींना ठाऊक होते.

एवढ्यात ही वार्ता आमच्या नेहमीच्या रिक्षावाल्याच्या कानी गेली. स्टेशनवरून घरी आणताना त्याने मागे न वळता विचारले, "सर, आते आमनं कसं?" मी हसून वेळ मारून नेली. पण त्याच्या त्या चार शब्दांसाठी माझ्या वहीत रकाना नव्हता.

हे सगळे तत्त्वज्ञान मी एका रात्री सौभाग्यवतींना वाचून दाखविले. त्यांचे गुडघे गेली चार वर्षे दुखतात. धुळ्याच्या फेऱ्या त्यासाठीच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, आणि म्हणाल्या, "अहो, पृथ्वी वाचवायला मी गाडी मागितलेली नाही. मला एसटीची पायरी चढवत नाही. मागच्या पावसात स्टँडवर मी दीड तास उभी होते, तुम्ही रसवंतीच्या बाकावर पेपर वाचत होतात."

मी वही मिटली. धूर, राख, ऋण, पुण्य या साऱ्यांचा हिशेब मी केला होता. त्या दीड तासाचा केला नव्हता. गाडी हवी होती ती गुडघ्यांसाठी, आणि मी तिला सोवळे नेसवीत बसलो होतो. गुडघ्यांसाठी कोणतीही गाडी चालली असती, हे खरे. मग त्यातल्या त्यात कमी धुराची घ्यावी, इतकीच या विजेच्या गाडीची थोरवी. रिक्षावाल्याला मी सांगितले की बाजाराच्या फेऱ्या पूर्वीसारख्याच त्याच्याकडे राहतील. त्याला ते कितपत पटले, कोण जाणे. शिवाय बाजार त्याच्याकडे दिला, की माझी तेरा वर्षे वीस होतात!

दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावले. त्याने अंगणातला पॉइंट तपासला आणि मान हलविली. म्हणाला, अर्थिंग जुने झाले आहे. एवढा भार सोसणार नाही. तुळशीमागे नवा खड्डा खणून त्यात मीठ आणि कोळसा भरावा लागेल.

"कोळसा किती?" मी विचारले.

"पोतंभर," तो म्हणाला.