बाळोती कोणी धुवायची?

घरात पाळणा हलणार असे समजले की आजी जुनी लुगडी व धोतरे फाडून मऊ बाळोत्यांची चळत तयार ठेवीत असे. आता त्या चळतीशेजारी दुकानातून आणलेले डायपरचे पुडके येऊन बसले आहे. त्यावरून सासू-सुनेत शब्दाला शब्द लागतो. एकीला डायपर म्हणजे उधळपट्टी वाटते, तर दुसरीला बाळोती म्हणजे न संपणारे धुणे. वाद किरकोळ दिसतो. तथापि त्यात एक खरा नैतिक प्रश्न दडलेला आहे.

नीतिशास्त्र कोणत्याही कृतीचा विचार तीन अंगांनी करावयास शिकविते: कृतीचे स्वरूप, कर्त्याचा हेतू आणि भोवतालची परिस्थिती. बाळाला कोरडे ठेवणे ही कृती चांगलीच. हेतूही दोघींचा वात्सल्याचाच. तेव्हा निवाडा परिस्थितीवर येऊन ठेपतो.

ब्रिटनमध्ये २००८ साली सरकारने प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात बाळाच्या पहिल्या अडीच वर्षांचा हिशेब मांडला होता. हवेत जाणाऱ्या कर्बवायूंच्या बाबतीत डायपर सुमारे ५५० किलो व कापडी लंगोट सुमारे ५७० किलो, म्हणजे जवळजवळ समान ठरले. मात्र कापड दोरीवर वाळविले, धुण्याचे यंत्र पूर्ण भरून चालविले आणि तेच कापड दुसऱ्या बाळालाही वापरले, तर त्याचा भार सुमारे ४० टक्क्यांनी घटतो, असेही त्यात आढळले. आपल्या घरी बाळोती उन्हातच वाळतात आणि पाठच्या भावंडालाही उपयोगी पडतात. या हिशेबाने आजीचीच बाजू खरी ठरावी.

परंतु धुण्याला पाणी लागते. अहिल्यानगर जिल्ह्यात मुळा-प्रवरेच्या कालव्यांखालील राहुरी-श्रीरामपूरचे पाणी वेगळे आणि पाथर्डी, पारनेर, जामखेडचे वेगळे. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरची वाट पाहत हंडे घेऊन उभ्या राहिलेल्या स्त्रिया आपण विसरलेलो नाही. तान्ह्या बाळाची दिवसाकाठी आठ-दहा बाळोती धुवायची, म्हणजे कोणा स्त्रीच्या डोक्यावर आणखी एक हंडा चढतो. ओल्या बाळंतिणीला ‘आमच्या वेळी असेच होते’ असे सांगणे हे उत्तर नव्हे.

मग डायपरने ते कष्ट संपतात काय? त्याचे बाहेरचे आवरण प्लास्टिकचे, आत लाकडाचा लगदा आणि पाणी शोषणारे रासायनिक कण असतात. ते सुती चिंधीप्रमाणे मातीत मिसळून जात नाही. गावी ते ओढ्यात पडते किंवा जाळले जाते. शहरात सफाई कामगाराच्या हाती येते. वापरलेले डायपर नीट गुंडाळूनच कचऱ्यात द्यावे, असे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी सांगितले, ते याच हातांसाठी.

सारांश, डायपर कष्ट नाहीसे करीत नाही; ते आपल्या नजरेआडच्या माणसाकडे सरकविते. बाळोती तेच कष्ट घरातील एकाच स्त्रीवर ठेवतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात वापरून फेकण्याच्या वृत्तीवर बोट ठेवले, तेव्हा सृष्टीची हानी व गरिबांची उपेक्षा यांचा एकत्रच विचार केला. म्हणून ‘कापड की डायपर’ याआधी ‘ओझे कोणावर’ असे विचारले पाहिजे.

संत थॉमस अक्वायनस यांच्या मते विवेक म्हणजे कृतीविषयीची यथार्थ बुद्धी. तो विवेक येथे सांगेल की, पाणी व मदतीचे हात असतील तेथे दिवसा बाळोती वापरावीत. आई आजारी असता, पाणीटंचाईत किंवा हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेसारख्या प्रवासात डायपर वापरण्यात दोष नाही. मात्र त्यातील मळ शौचालयात टाकून ते कागदात गुंडाळूनच द्यावे. आणि सासू-सुनेच्या या वादात जो कोठेच दिसत नाही, त्या बाळाच्या बापाने धुण्याला हात लावावा.

बेथलेहेमच्या मेंढपाळांना मिळालेली खूण सांगताना संत लूक बाळंत्यात गुंडाळलेल्या बालकाचा उल्लेख करतो. ती बाळंती कोणी धुतली, हे त्याने लिहिलेले नाही. आपल्या घरात ती कोण धुते, हे मात्र आपणां सर्वांना ठाऊक आहे.