टेबल कुणी पुसलं?

सत्तावीस वर्षं मी बी.ए.च्या मुलांना तत्त्वज्ञ बर्कली शिकवला. शिकवायची रीत ठरलेली होती. टेबलावर थाप मारायची आणि विचारायचं, "तास संपला, दिवे घालवले, वर्गाला कुलूप लावलं. आता आत हे टेबल आहे की नाही?" मुलं आधी हसायची, मग चिडायची, मग त्यातलं एखादं खरोखर विचारात पडायचं. एका वर्षी मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मावशी येतात ना झाडायला!" वर्ग खो खो हसला. मीही हसले. म्हटलं, "मावशींना सोड गं, आपण तत्त्वज्ञानाचं बोलतोय."

बर्कलीचं म्हणणं ऐकायला वेडगळ वाटतं, पण खोडायला बसलं की घाम फुटतो. टेबलाचा रंग दिसतो, कठीणपणा हाताला लागतो, थाप मारली की आवाज येतो. हे सगळे अनुभव झाले. यापलीकडे 'जड द्रव्य' म्हणून काही आहे, हे कुणी कधी अनुभवलंय? मग ते मानायचं तरी कशाला? वस्तूचं असणं म्हणजे ती कुणाच्या तरी जाणिवेत असणं. १७१० साली डब्लिनमध्ये हे मांडणारं त्याचं पुस्तक छापलं गेलं तेव्हा हा गृहस्थ पंचवीस वर्षांचा होता. आपल्याकडच्या दृष्टिसृष्टिवाद्यांनी, म्हणजे पाहणं हीच सृष्टी मानणाऱ्या वेदान्त्यांनी, हे ऐकलं असतं तर त्यांना फार धक्का बसला नसता. मात्र बंद खोलीतल्या टेबलाचं काय, याला बर्कलीचं उत्तर पक्कं धर्मोपदेशकाचं आहे. तुम्ही-आम्ही नाही तर दुसरं कुठलं तरी मन पाहत असतं, आणि कुणीच नसलं तरी ईश्वर पाहत असतो. मुलांना मी हेच लिहून द्यायचे. परीक्षेत पाच मार्क.

निवृत्तीनंतर, २०२४च्या जुलैत, आम्ही दोघं मुलाकडे डब्लिनला गेलो. ट्रिनिटी कॉलेज ऐन शहराच्या मधोमध आहे, आणि फाटकातून आत गेलं की बसचा आवाज एकदम मागे पडतो. फाटकाच्या दोन्ही अंगांना गोल्डस्मिथ आणि बर्क यांचे पुतळे उभे, दोघेही इथलेच विद्यार्थी. आतल्या गोट्यांच्या फरसबंदीने माझे गुडघे धरले. समोरचा घंटाघराचा मनोरा १८५३चा. घंटा वाजत असताना त्याखालून जाणारा विद्यार्थी नापास होतो, अशी तिथल्या मुलांची समजूत. आमचे हे मुद्दाम खालून गेले. "मला आता कोण नापास करतंय!"

ह्यांचा जन्म बांधकामाच्या ठेक्यांत गेला, त्यामुळे त्यांना पुस्तकांपेक्षा भिंतींत रस. जुन्या ग्रंथालयाचं लांबच लांब दालन मात्र दोघांनाही गप्प करून गेलं. पासष्ट मीटर लांबी, वर लाकडी कमानीचं छत. हे छत १८६०च्या सुमाराला चढवलेलं, मूळ इमारत १७१२ ते १७३२ची. म्हणजे पाया खोदला तेव्हा बर्कली याच कॉलेजात शिकवत होता, त्याआधी काही काळ इथला ग्रंथपालही होता. आम्ही गेलो तेव्हा कपाटं जवळजवळ रिकामी होती. दुरुस्तीसाठी दोन लाख पुस्तकं धूळ झटकून, खोक्यांत भरून हलवली होती. उरले होते ते ओळीने संगमरवरी चेहरे. २०२३पर्यंत ते चाळीसच्या चाळीस पुरुषांचे होते, आता त्यांत चार बायका आल्यात.

कोण दिसतं आणि कोण दिसत नाही, याचा या जागेचा इतिहासच लांब आहे. एलिझाबेथ राणीच्या सनदेने १५९२ साली हे विद्यापीठ निघालं, तेही मोडून टाकलेल्या मठाच्या जागेवर आणि प्रॉटेस्टंटांसाठी. देश कॅथलिकांचा, पण कॅथलिकांना इथे पदवी मिळू लागली १७९३पासून, आणि धर्माची अट पुरती गेली १८७३ला. त्यानंतर उलटा फेरा आला. कॅथलिक धर्मगुरूच आपल्या मुलांना तिकडे जाऊ देईनात, ते १९७०पर्यंत. मुलींना दार उघडलं १९०४ साली.   

मला पाहायचं होतं बर्कलीच्या नावाचं ग्रंथालय. जुन्या इमारतीला लागूनच ते आहे, समोर दुभंगलेला सोनेरी गोळा आणि त्याच्या पोटात आणखी एक गोळा, असं एक शिल्प. तिथे बसलेल्या एका मुलीला मी विचारलं, "बर्कली लायब्ररी हीच ना?" तिने आधी माझा उच्चार सुधारला, "बार्कली." मग म्हणाली, "पण ते नाव आता काढलंय. सध्या नुसतं लायब्ररी म्हणायचं." सत्तावीस वर्षं मी त्याचं नाव चुकीचं घेत होते, आणि बरोबर कळलं त्याच क्षणी ते नाव राहिलेलं नव्हतं!

"अगं, इकडे ये. हात लाव." हे भिंतीशी उभे होते. १९६७ची इमारत, पॉल कोरालेक यांनी रचलेली. उघडं काँक्रीट, गिलावा नाही. त्यावर सेंटरिंगच्या फळ्यांच्या रेषा स्वच्छ उमटलेल्या, लाकडाच्या शिरांसकट. एका ठिकाणी तर फळीतली गाठ, आठ आण्याच्या नाण्याएवढी. "आपल्याकडे हे असं ठेवलं असतं तर मालकाने बिल कापलं असतं," हे म्हणाले. मग गाठीवरून अंगठा फिरवत राहिले. "फळी कधीच चुलीत गेली असेल. गाठ बघ कशी राहिलीय."

नाव का काढलं, ते रात्री मुलाच्या घरी वाचलं. बर्म्युडात एक कॉलेज काढायचं, तिथे अमेरिकेतल्या वसाहतवाल्यांची आणि मूळ रहिवाशांची मुलं शिकवायची, असा बर्कलीचा बेत होता. पार्लमेंटने वीस हजार पौंड कबूल केले. पैशांची वाट पाहत तो १७२९च्या जानेवारीत अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला जाऊन राहिला. शहराजवळ शहाण्णव एकरांची शेतवाडी घेतली, घराला नाव दिलं व्हाइटहॉल. पैसे आलेच नाहीत, १७३१ला तो परतला आणि वाडी येल कॉलेजला दान केली. एवढं मला ठाऊक होतं, वर्गात सांगतही असे. तिथे त्याने माणसं विकत घेतली होती, हे मी कधी वाचलं नव्हतं. फिलिप, अँथनी, एडवर्ड, ॲग्नेस. फिलिपचं खरेदीखत १७३०च्या ऑक्टोबरातलं, वय सुमारे चौदा.

त्या काळी सगळेच तसं करत, असं म्हणून सोडून द्यावं, असं पहिल्यांदा मलाही वाटलं. पण सगळं जग मानतं एवढ्यावर जो जड द्रव्यही मानायला तयार नव्हता, त्याला ही सवलत मी कुठल्या तोंडाने देऊ?

आणि त्याला तपासायला आजचं माप लागतच नाही, त्याचंच पुरतं. त्याच्या जगात दोनच प्रकार आहेत: जाणवणाऱ्या वस्तू आणि जाणणारी मनं. फिलिप कोणत्या खात्यात? याचं उत्तर बर्कलीच्या घरातच झालं. १७३१च्या जूनमध्ये फिलिप, अँथनी आणि ॲग्नेस यांचा बाप्तिस्मा झाला. बाप्तिस्मा खुर्चीचा होत नाही. पण बाप्तिस्म्याने गुलाम मोकळा होईल, या भीतीने मालक धर्मोपदेशकांना दाराशी उभं करत नसत. म्हणून बर्कलीने इंग्लंडच्या बड्या सरकारी वकिलांचं मत ऱ्होड आयलंडमध्ये छापलं जाऊन वसाहतींत वाटलं गेल्याचं पुढे प्रवचनात समाधानाने सांगितलं. ते मत असं होतं की बाप्तिस्म्याने मालकी हटत नाही. आत्मा ईश्वराचा, अंग मालकाचं. कुऱ्हाडीने लाकूड फाडावं तसे माणसाचे दोन भाग केले, आणि तेही जड द्रव्य मुळी नाहीच म्हणणाऱ्याने.

ट्रिनिटीच्याच नाटककार बेकेटने १९६०च्या दशकात 'फिल्म' नावाचा लघुपट लिहिला. मुळाशी बर्कलीचंच सूत्र, आणि त्यात एक म्हातारा कुणाच्याही नजरेला पडू नये म्हणून धडपडतो. मी तो मुलांना दाखवायचे. पाहिलं जाणं म्हणजे असणं, हे किती जाचक होऊ शकतं ते कळावं म्हणून. फिलिपसारख्या चौदा वर्षांच्या मुलाला बाजारात आधी पाहूनच घेत असत, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

नाव काढलं ते बरं झालं, असं माझं मत. त्याच्या स्मरणार्थ असलेली रंगीत काचेची खिडकी कॉलेजने ठेवली, हेही बरं. पुस्तकं तर मी आजही शिकवीन. २०२४च्याच ऑक्टोबरात, आम्ही परत आल्यावर, मुलाचा मेसेज आला की ग्रंथालयाला कवयित्री ईव्हान बोलँड यांचं नाव ठरलंय. त्या आवारात बाईचं नाव लागलेली ही पहिली इमारत. ह्यांनी विचारलं, "आता गिलावा तर करणार नाहीत ना?"

मला सुचत होतं ते वेगळंच. व्हाइटहॉलमध्ये बर्कलीचं लिहायचं टेबल असणार. तो उठून समुद्रकाठी फिरायला गेला की ते टेबल कुणाच्या मनात असे? त्याच्या शास्त्राप्रमाणे ईश्वराच्या. पण ईश्वराच्या आधी, त्याच्याच शास्त्राप्रमाणे, घरात मागे राहिलेल्या कुणाच्याही. ॲग्नेस असेल, अँथनी असेल, शाईचा डाग पुसायला आलेलं कुणीही असेल.

आमच्या कॉलेजात पहिला तास सात चाळीसचा. मावशी साडेसातला वर्ग आवरून गेलेल्या असायच्या. मी थाप मारायचे तेव्हा टेबल अजून ओलसर असायचं आणि तळव्याला फडक्याचा वास लागायचा. तो मी रुमालाला पुसायचे आणि मुलांना विचारायचे, "आता आत हे टेबल आहे की नाही?"