सल्ला देणाऱ्याचे कर्तव्य

गेल्या महिन्यात एका घरी मलिदा होता. ताटे आवरताना आमच्या धाकट्या भावाच्या मुलीने विचारले, "आत्या, मी आता काय शिकू?" तिची लष्करातली सेवा नुकतीच संपली आहे. तिला ओढ जीवशास्त्राची, आईवडिलांचा आग्रह कॉम्प्युटरचा. "पगार पक्का असेल ते शीक," हे उत्तर आमच्या ओठांवर आले होते, ते आम्ही गिळले. कारण हेच उत्तर आम्ही पूर्वी एकदा देऊन चुकलो आहोत.

आम्ही मुंबई विद्यापीठाचे 1978 सालचे रसायनशास्त्राचे पदवीधर. त्या काळी इंटर सायन्सच्या गुणांवर मेडिकलचा प्रवेश ठरे. घरात डॉ. जेरुशा झिराड यांचे उदाहरण नेहमी दिले जाई. ग्रँट मेडिकल कॉलेज, मग लंडन, मग कामा हॉस्पिटलचे प्रमुखपद आणि 1966 साली पद्मश्री! आमचे गुण मात्र थोडक्यात हुकले. गुण कमी पडले तर काय करावे, हे कोणीच सांगितले नव्हते.

कॉलेजातली एक गोष्ट मात्र जन्मभर पुरली. प्रात्यक्षिकात ब्युरेटमधून थेंब थेंब सोडून द्रावण फिके गुलाबी होताच थांबायचे आणि आकडा लिहायचा. असे तीन आकडे जुळावे लागत. न जुळले तर काही मुले उत्तरावरून उलटे गणित करून रीडिंग लिहीत. आम्हीही एकदा तसे केले. बाईंनी वही पाहून विचारले, "हे तुला दिसले, की दिसायला हवे होते?"

1980 साली आम्ही इस्राएलात आलो. उल्पानमध्ये हिब्रू अक्षरे गिरवली. पदवीच्या जोरावर काम मिळेना, म्हणून परिचारिका झालो. हिब्रूत परिचारिकेला 'अहोत' म्हणतात, म्हणजे बहीण. रात्रपाळीत डोळे मिटू लागत, तेव्हा रक्तदाबाचा मागचाच आकडा तक्त्यावर उतरवण्याचा मोह होई. बाईंचा प्रश्न आठवे आणि आम्ही पुन्हा पट्टा बांधून मोजत असू. म्हणून पदवी वाया गेली असे आम्हांला म्हणवत नाही.

पण वॉर्डात खरे रीडिंग लिहिणारे आम्ही, घरी मात्र खोटे लिहिले. आमच्या मुलाला नेगेवच्या दगडांचे वेड होते, त्याला भूगर्भशास्त्र शिकायचे होते. आम्ही म्हणालो, "दगडांनी पोट भरत नाही. आम्हीही आवड सोडली, काय बिघडले?" परिचारिका झाल्यावरची पहिली काही वर्षे आम्ही उशीत तोंड खुपसून रडलो होतो, ते सांगितले नाही. त्याने ऐकले. आज तो हिशेबतपासनीस आहे, घरदार आहे. चाळिशी गाठल्यावर एकदा शांतपणे म्हणाला, "आई, तू सगळे सांगितले असतेस, तरी कदाचित मी हेच केले असते. पण मग ते माझे ठरले असते."

वाचकहो, पक्क्या भाकरीची काळजी करणे हा काही गुन्हा नव्हे. परमुलखात नव्याने संसार मांडणाऱ्याला भीती वाटणारच. "मनाला येईल ते कर," असे सांगून मोकळे होणे हाही एक प्रकारचा लबाडपणाच. कोकणात आपले पूर्वज घाणा चालवीत, शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. तेल्याच्या मुलाला काय शिकू, हा प्रश्न सहसा पडत नसे. निवडीचा हा भार आपल्याकडे अलीकडच्या पिढ्यांतच आला आहे, म्हणून तो पेलण्याची आपल्याला सवय नाही.

सल्ला देणारा एक आणि किंमत मोजणारा दुसरा, हीच यातली अडचण आहे. म्हणून आम्हांला वाटते, वडीलधाऱ्यांनी निकाल देऊ नये, साक्ष द्यावी. काय मिळाले आणि काय गमावले, दोन्ही आकडे दाखवावेत. आपली भीती असेल तर ती आपली म्हणून सांगावी, शहाणपण म्हणून नव्हे. आणि निर्णय चुकलाच, तर आपले दार उघडे ठेवावे.

त्या रात्री भाचीला आम्ही सगळे सांगितले, उशीचेही. तिने अजून काही ठरवलेले नाही. आम्हीही विचारलेले नाही.