कपाळावरची राख

ख्रिस्ती उपवासकाळाचा, म्हणजे लेंटचा, आरंभ एका विसंगतीनें होतो आणि ती सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. ईस्टरपूर्वीं सेहेचाळिसाव्या दिवशीं राखेचा बुधवार येतो. मधले रविवार उपवासांत धरीत नाहींत, म्हणून येशूनें अरण्यांत काढलेल्या चाळीस दिवसांशीं हिशेब जुळतो. मागील वर्षींच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली राख त्या दिवशीं कॅथलिक देवळांत प्रत्येकाच्या कपाळीं लावतात. त्याच उपासनेंत मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचला जातो. उपवास करणारानें तोंड धुवावें, डोक्यास तेल लावावें, उपवास लोकांस दिसूं देऊं नये, असा त्यांतील उपदेशाचा आशय. कानांनीं हें ऐकावयाचें आणि कपाळावर राख मिरवीत बाजारांतून घरीं जावयाचें, हें कसें?

हा प्रश्न केवळ ख्रिस्ती वाचकांचा आहे असें मला वाटत नाहीं. २०१८ सालीं महाशिवरात्र १३ फेब्रुवारीस आणि राखेचा बुधवार लगेच १४ तारखेस आला. हा निव्वळ योगायोग नव्हे. ईस्टर हा वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवर बसविलेला आहे. त्यामुळें राखेचा बुधवार नेहमीं अमावास्येच्या आसपास, बहुधा शुक्ल पक्षाच्या पहिल्या दिवसांत पडतो. शिवरात्र तर अमावास्येच्या आदल्या तिथीची. कधीं कधीं दोहोंत एका महिन्याचें अंतर पडतें खरें, पण दोन्ही व्रतें एकाच चंद्राकडे पाहून चालतात. शिवरात्रीस औंढा नागनाथ येथें तळघरांतील लिंगाच्या दर्शनासाठीं जी रीघ लागते, तिच्याही कपाळीं भस्म आणि पोटीं उपवास असतो.

या औंढ्याशींच नामदेव आणि विसोबा खेचर यांची कथा जोडलेली आहे. नामदेव गुरूच्या शोधांत आले, तों विसोबा पिंडीवर पाय ठेवून खुशाल निजलेले. नामदेव संतापले. देव नसेल अशी जागा पाहून तूंच माझे पाय तेथें ठेव, असें म्हातारा म्हणाला. आणि पाय जिकडे न्यावे तिकडे पिंडी उभी राहूं लागली. ही कथा मनोभावें ऐकणारास पुढचा प्रश्न टाळतां येत नाहीं. देव एका पिंडींत मावत नसेल, तर तो चाळीस दिवसांत तरी कसा मावावा? पश्चात्ताप फाल्गुनांतच कां करावा, आषाढांत कां नको?

युरोपांत हाच आक्षेप फार तीव्रपणें घेतला गेला. १५२२ सालच्या लेंटमध्यें झुरिक येथें फ्रोशाउएर नांवाच्या मुद्रकाच्या घरीं कांहीं मंडळींनीं मुद्दाम सॉसेज खाल्लें. धर्मसुधारक झ्विंग्ली तेथें हजर होता. त्यानें स्वतः खाल्लें नाहीं, पण पुढें अन्नाच्या स्वातंत्र्यावर प्रवचन मात्र छापलें. (सुधारकांची ही सावधगिरी आपल्याकडेही अपरिचित नाहीं.) स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मंडळीनें तर असले ऋतु मोडीतच काढले होते, मराठवाड्यांत जालन्याजवळ बेथेल वसविणारे नारायण शेषाद्रि हे तिच्याच परंपरेंतले.

आक्षेप तर्कास धरून आहे. तरीही तो मला पटत नाहीं, आणि त्याचें कारण नामदेवांच्याच चरित्रांत आहे. सर्वत्र देव आहे हें कळल्यावर त्यांनीं पंढरी सोडली नाहीं. विठ्ठलाच्या महाद्वारांतली पायरी आज त्यांच्या नांवानें ओळखिली जाते. ज्याला देवास सीमा नाहीं हें कळलें, त्यानेंच एक दार निवडलें! सीमेची गरज देवास नसते, ती माणसास असते. सवडीनें करूं म्हणून ठेवलेलें आत्मपरीक्षण जन्मभर सवडीचेंच राहतें. सगळें गांव एकाच वेळीं थांबतें, तेव्हां दुबळ्यालाही थांबवतें. वसई-गोव्याकडे उपवासकाळांत लग्नें लावीत नाहींत त्याचाही अर्थ हाच.

मात्र सामुदायिक व्रतास नियम लागतो, आणि नियम आला कीं पळवाट आलीच. शुक्रवारीं मांस वर्ज्य, मासळी वर्ज्य नाहीं, हा नियम समुद्रकांठच्या माणसास केवढा सोयीचा! पापलेटावर भागविलेल्या त्यागास त्याग म्हणावयाचें तर मोठी श्रद्धा हवी. आपल्याकडे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण कोणी परक्यानें रचलेली नाहीं. १९६६ सालीं पोप सहावे पॉल यांनीं बंधनाचा उपवास राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोनच दिवसांवर आणला, तो नियम सैल करण्यासाठीं असें पुष्कळांस वाटलें. माझ्या मतें त्यांनीं तो अवघड केला. कारण उरलेल्या दिवसांचा हिशेब ज्याच्या त्याच्या विवेकावर पडला.

याच ठिकाणीं राखेची विसंगती मला उलगडल्यासारखी वाटते. राख ही केलेल्या उपवासाची पावती नव्हे. ती व्रताच्या आरंभीं लावतात, म्हणजे कोणाच्याही पदरीं पुण्य जमण्यापूर्वीं. आणि तूं माती आहेस एवढेंच ती सांगते. बागाईतदाराच्या आणि त्याच्याकडे राबणाऱ्या मजुराच्या कपाळीं तिचा रंग एकच असतो. तिच्यांत मिरविण्यासारखें कांहीं असेल, तर तें मिरविणारानेंच घातलेलें असतें.

पण मजुराचा उल्लेख आला कीं यशया आठवतो. त्याच्या ग्रंथाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायांतला ठपका असा, कीं तुम्ही उपवासाच्या दिवशींही आपल्या चाकरांना राबवितां. हा ठपका वाचतांना मला यरुशलेम दिसत नाहीं. शिवरात्रीच्या दिवसाचें आपलें सुशिक्षित घर दिसतें. उपवास म्हणजे स्वयंपाकघरास विसावा, असें कोणा परक्यास वाटेल. आपल्याकडे त्या दिवशीं चूल नेहमींहून आधीं पेटते: साबूदाणा, वऱ्याचे तांदूळ, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी, आणि न धरणाऱ्यांसाठीं वरण-भात निराळा. बैठकींत व्रताच्या तत्त्वावर चर्चा चालू असते. आंत दाणे कुटणारी बाई चौथ्यांदा चहा ठेवीत असते. तिचाही उपवासच असतो, आणि ती अजून कांहीं खाल्लेली नसते.