शिलेदाराची लबाडी

मध्ययुगावरचा एखादा बरा सिनेमा सुचवा, असं कोणी म्हटलं की मी इंगमार बर्गमनचा ‘द सेव्हन्थ सील’ सांगतो. १९५७ सालचा, स्वीडिश, काळापांढरा. आमच्या हिनं पाचव्या मिनिटालाच विचारलं, “यात गाणी नाहीत वाटतं?”

“गाणी कसली, साक्षात मृत्यू आहे यात.”

“मग मी भाजी निवडते,” म्हणून ती उठली.

धर्मयुद्धावरून दहा वर्षांनी परतलेला एक शिलेदार. देशात प्लेग. समुद्रकिनारी मृत्यू त्याला न्यायला येतो आणि हा पठ्ठ्या त्याला बुद्धिबळाला बसवतो. डाव चालेल तोवर मुदतवाढ!

आता आम्ही पडलो बँकेतले बी.कॉम. नजर आधी आकड्यांवर. पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरचं आक्रे हे धर्मयोद्ध्यांचं शेवटचं मोठं ठाणं पडलं १२९१ साली. प्लेग स्वीडनला पोचला १३५०च्या सुमारास. म्हणजे साठेक वर्षांचा फरक! आमच्याकडे साठ रुपयांचा फरक आला, तर रात्री आठपर्यंत कोणी घरी जात नाही. बर्गमनसाहेब बिनघोर पुढे गेले.

पण शेवटाकडे असं काही घडतं की मी तो फरक माफ केला. शिलेदाराबरोबर रानातून एक खेळिया, त्याची बायको आणि लहानगं पोर चाललेलं असतं. मृत्यूची नजर पटावरून उठली तर यांच्यावर पडणार, हे शिलेदार ओळखतो. डगल्याच्या फटकाऱ्यानं सोंगट्या उधळतो आणि कोण कुठं होतं ते विसरल्याचं सोंग करतो. मृत्यूला सगळं पाठ. तो सोंगट्या परत मांडत बसतो, तेवढ्यात ते कुटुंब निसटतं. लगेच शिलेदार हरतो.

म्हणजे ही लबाडीच की! पण कॉलेजात दुहेरी नोंद शिकल्यापासून माझी कसोटी एकच: जमा कोणाच्या खात्यात, नावे कोणाच्या? शिलेदारानं स्वतःसाठी काही कमावलं नाही. हरायचा तो हरलाच. देवाकडे पुरावा मागत फिरलेल्या त्या माणसाच्या हातून एकच अर्थाचं काम झालं, आणि तेही नियमाबाहेर.

तरी नियम हवेतच. सगळेच पट उधळू लागले तर डाव कोण खेळणार? बँक तर मुळीच चालायची नाही.

मागच्या पावसाळ्यात, कॅश बंद करून पाच मिनिटं झाली असतील, एक म्हातारे गृहस्थ भिजत आले. बायको दवाखान्यात, दोन हजार हवे होते. एटीएमचं कार्ड त्यांना कधी जमलंच नव्हतं. मी म्हटलं, “आजोबा, कॅश बंद झाली. उद्या या.” ते “बरं” म्हणाले. दुसऱ्या दिवशी आले, पैसे मोजून घेतले आणि वर “थँक्यू साहेब” म्हणाले. भांडले असते तर बरं झालं असतं.

मला तर लबाडीही करायची नव्हती. मॅनेजरसाहेबांना विचारायचं, कॅश पुन्हा मोजायची. नावे पडला असता फार तर माझा अर्धा तास. त्या दिवशी माझी कॅश पै न् पै जुळली होती.

भाजी निवडून झाल्यावर हिनं विचारलं, “काय झालं शेवटी? कोण जिंकलं?”

“मृत्यू. पण ते पोर वाचलं.”

“मग चांगला आहे की सिनेमा,” ती म्हणाली.